संध्याकाळी सात ते दहा

नऊ वर्षं माझी संध्याकाळ ठरलेली होती. सातला आईचं सूप, साडेसातला औषधं, साडेआठला कूस बदलायची, पाठ पुसायची, दहाला शेवटची गोळी. मागच्या जानेवारीत आई गेली. त्यानंतर कित्येक दिवस सात वाजले की हात आपोआप औषधांच्या डब्याकडे जायचा. सुरुवातीला माणसं येत होती, फोन येत होते. मार्चपर्यंत तेही थांबलं, आणि सात ते दहा हे तीन तास अंगावर यायला लागले. एका रात्री धाकट्या बहिणीला फोनवर म्हटलं, संध्याकाळ सरतच नाही गं. ती म्हणाली, "ताई, तू अकरा वर्षं त्या शहरात राहतेस. औषधांचं दुकान आणि दवाखाना सोडून तुला तिथलं काय माहीत आहे?"

खरं होतं ते. कामाशिवाय बाहेर पडायचं मी विसरले होते. ज्यांच्या घरी अनेक वर्षं आजारी माणूस होतं, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. एकटीने हॉटेलात जेवणं, नाचाच्या क्लासला जाणं, मोकळ्या मैदानात सिनेमा बघणं या गोष्टी ज्यांना सहज जमतात त्यांना हे वाचून नवल वाटेल. मला प्रत्येकीसाठी धीर गोळा करावा लागला. कुणी तसंच दाराशी अडलं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी पहिल्यांदा निघाले. रात्री साडेआठला एका रेस्टॉरंटच्या दारापर्यंत पोचले. आत सगळी टेबलं भरलेली, हसण्याबोलण्याचा आवाज काचेतून बाहेर येत होता. मी दारावरचं मेनूकार्ड दोनदा वाचलं आणि घरी येऊन ब्रेड खाल्ला. त्या रात्री फार रडले. चूक धीराची कमी आणि वेळेची जास्त होती, हे नंतर समजलं. शनिवारी रात्री साडेआठ ही एकटीने पहिल्यांदा जायची वेळच नव्हे. दहा दिवसांनी, मंगळवारी, मी आधी फोन केला. "किती जण?" "एक." पलीकडून लगेच, "चालेल, सातला या." फोनवर एकदा 'एक' म्हणून झालं की दारात पुन्हा तेच म्हणणं सोपं जातं. शिवाय स्वयंपाकघर नुकतं उघडलेलं असतं, गर्दी नसते, वाढणाऱ्याला आपल्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो.

टेबल दोघांचं होतं. मी बसल्यावर वाढपी आला आणि समोरच्या जागेवरचं सामान उचलायला लागला. आधी ग्लास, मग काटा आणि सुरी, मग घडी घातलेला रुमाल, शेवटी ताट. सुरी ताटावर ठेवताना बारीकसा आवाज झाला. त्या एका मिनिटात मला वाटलं, उठून जावं. जानेवारीत आईचा पलंग उचलून नेला तेव्हा त्या लोकांनीही असंच एकेक सुटं करून नेलं होतं. पण तो मुलगा सामान ठेवून परत आला आणि म्हणाला, "आता तुमच्या पुस्तकाला जागा झाली." मी पिशवीतून आणलेलं पुस्तक त्याने पाहिलं होतं. मी ते समोर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्याने केलेलं सूप गरम असताना प्यायले.

रेस्टॉरंट या शब्दाची गोष्ट मला त्याच पुस्तकात मिळाली. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये 'रेस्टोराँ' म्हणजे आधी जागा नव्हे, तर अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून द्यायचं सत्त्वाचं सूप. ते जिथे मिळायचं त्या जागेला पुढे तेच नाव पडलं. नऊ वर्षं मी घरात जे करत होते तेच ते. हे वाचल्यावर त्या खुर्चीवर माझा काहीतरी हक्क आहे असं वाटलं, आणि तिथे बसायला लागणारं बळ मला त्यातूनच मिळालं.

जूनपर्यंत मी दर मंगळवारी गेले. दर आठवड्याला जाणं खर्चाचं होतं, म्हणून एकाआड एक वेळी फक्त सूप आणि शेवटी काही गोड एवढंच घ्यायचे. कुणी कपाळाला आठी घातली नाही. सगळं एकदम मागवू नका, एकेक मागवा, म्हणजे मधल्या वेळाला आकार येतो आणि वीस मिनिटांत उठावं लागत नाही. फोन पिशवीत ठेवा, तो हातात असला की एकटेपणा जास्त जाणवतो. सेवाशुल्क आणि बुकिंग रद्द करण्याचे नियम फोनवरच विचारून घ्या. एका ठिकाणी मला आधी बुकिंग करूनही स्वच्छतागृहाच्या दारालगत बसवलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं दिसत होतं. मी विचारलं तर म्हणाले, ते दोघांसाठी आहे. मी शांतपणे सांगितलं की मी तासाभरात उठेन, तोवर ते द्या. दिलं. हे वाक्य मी नंतर आणखी दोनदा वापरलं आहे.

मंगळवारचं रेस्टॉरंट ज्या इमारतीत होतं तिच्या दुसऱ्या मजल्यावरून साडेआठच्या सुमाराला पावलांचा आवाज यायचा. पाच-सहा आठवडे तो ऐकल्यावर मी वाढप्याला विचारलं. वर सालसाचा क्लास होता.

नाचाच्या क्लाससाठी मी एकूण चार ठिकाणी चौकशी केली. जोडीदार आणावा लागतो का, वर्गात जोड्या बदलतात का, जमीन लाकडी आहे की फरशी, एक तास बघायला येऊ देता का, चुकलेला तास भरून मिळतो का, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, एवढं प्रत्येक ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी जोडीदार आणा म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी बॅच भरलेली होती, पाच आठवडे थांबा म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या क्लासला जोड्या दर तीन-चार मिनिटांनी बदलायच्या, म्हणजे एकट्या माणसाची अडचणच नाही. तिथे नाव घातलं.

फॉर्म दोन पानी होता. वय, उंची, गुडघ्याची किंवा पाठीची जुनी दुखणी, रक्तदाब, आणि खाली 'आपत्कालीन संपर्क'. त्या रकान्याशी मी थांबले. नऊ वर्षं हॉस्पिटलच्या प्रत्येक कागदावर आईच्या नावापुढे त्या जागी माझं नाव होतं. माझ्या नावापुढे कुणाचं लिहायचं याचा मी कधी विचारच केला नव्हता. बाहेर येऊन बहिणीला फोन केला, तुझा नंबर लिहू का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "विचारतेस काय, ताई?"

४५ वर्षांवरच्यांना डॉक्टरांचं पत्र लागत होतं. रुग्णाला उचलून माझी कंबर धरलेली होती, त्यामुळे डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली, तिचा निकाल यायला सहा दिवस. पत्र हातात पडायला एकूण अकरा दिवस गेले. बॅच सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नका, पत्र आधीच करून ठेवा.

पैशांच्या बाबतीत मी चुकले. तीन महिन्यांचे एकदम भरले तर एका महिन्याचे पैसे निम्मे होत होते, म्हणून भरले. पाचव्या आठवड्यात बॅचची वेळ पाऊण तासाने अलीकडे आली आणि मला ऑफिसमधून पोचणं जमेना. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले, पावतीमागे बारीक अक्षरांत ते छापलेलं होतं. मी लेखी अर्ज दिला, दोनदा जाऊन बसले, शेवटी सतरा दिवसांनी दुसऱ्या बॅचमध्ये जागा मिळाली. पहिला महिना महिन्याचेच भरा. सवलत दुसऱ्या महिन्यातही असते.

सालसा आठ मात्रांत मोजतात. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात यांवर पाऊल पडतं, चार आणि आठ या मात्रांना नवं पाऊल टाकायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण मला त्या मोकळ्या मात्रा धरता येत नव्हत्या, मी चारवरही पाऊल टाकून पुढे जायचे. सर म्हणाले, "काही करू नका, तिथे वजन फक्त पोचू द्या." हे शिकायला मला तीन आठवडे लागले. घरी मी मायक्रोवेव्हसमोर उभी राहून मोजायचे.

अवघड ठरला हात. दुसऱ्या तासाला एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर आले. सुरुवात होताच त्यांनी हळूच सांगितलं, "मनगट दुखतंय." मी खाली पाहिलं. मी त्यांचं मनगट अंगठ्याच्या बेचक्यात घट्ट धरलं होतं, दुसरा हात त्यांच्या कोपराखाली गेला होता. पलंगावरून आईला उठवताना मी असंच धरायचे, ती निसटून पडू नये म्हणून. माझ्या हातांना दुसऱ्या माणसाला धरायची ती एकच रीत माहीत होती. मी सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी आपला तळहात वर करून पुढे केला, म्हणाले, धरू नका, बोटं नुसती वर ठेवा, आणि एवढाच दाब द्या की मी हात काढून घेतला तर तुम्हाला कळेल. पुढचा पाऊण तास बाकीचे गिरक्या शिकत होते आणि मी एका भिंतीशी उभी राहून कुणाच्या तरी हातावर बोटं ठेवत होते. समोरचा माणूस स्वतःच्या पायांवर उभा आहे, तो पडणार नाही, हे बोटांना पटायला फार वेळ लागतो. पटलं तेव्हा खांद्यांतलं सगळं ओझं एकदम खाली आलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन जिन्यात बसले.

पाणी प्यायच्या सुट्टीत सर थोडं थोडं सांगायचे. सालसाचा पाया क्यूबाच्या 'सोन' संगीतात आहे. ते न्यूयॉर्कला गेलेल्या क्यूबाच्या आणि पोर्टो रिकोच्या वादकांच्या हातांत वाढलं. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी तिथे फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि सत्तरच्या दशकात 'सालसा' हे नाव सगळीकडे पसरलं. स्पॅनिशमध्ये त्याचा साधा अर्थ सॉस. या संगीताच्या तळाशी क्लावे असतो, लाकडाच्या दोन दांड्यांचे पाच ठोके, कधी तीन आणि दोन, कधी दोन आणि तीन. तो ऐकू यायला लागला की मोजणं सुटतं. मला तो ऑगस्टमध्ये, बसमध्ये, कानात इअरफोन असताना पहिल्यांदा ऐकू आला आणि माझा थांबा गेला.

बुटांबद्दल सांगायलाच हवं. रबरी तळाचे खेळाचे बूट जमिनीला चिकटतात, पाऊल वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. माझा उजवा गुडघा दुसऱ्या आठवड्यात सुजला तो यामुळेच. लगेच नाचाचे महागडे बूट घ्यायची गरज नाही, गुळगुळीत चामडी तळाचे कुठलेही जुने बूट चालतात. दोन महिने टिकलात तर मग मऊ, खरखरीत चामड्याच्या तळाचे घ्या. एक जादा सदरा आणि छोटा टॉवेल न्या. महिन्यातून एकदा सगळ्या बॅच एकत्र नाचतात, त्या रात्री मला एकाने नाही म्हटलं, मीही दोघांना नाही म्हटलं. एक गाणं चार-पाच मिनिटांचं असतं. पुढच्या गाण्याला पुन्हा विचारायचं.

सप्टेंबरमध्ये क्लासमधल्या सहा जणांनी नदीकाठच्या उद्यानात उघड्यावर दाखवल्या जाणाऱ्या सिनेमाला जायचं ठरवलं. मलाही नेलं. अंधाराआधी तासभर जा, जाड सतरंजी न्या कारण नऊनंतर जमिनीतून गारवा वर येतो, डास पळवायचं मलम विसरू नका, उंच खुर्ची नेलीत तर मागे बसा. या चार गोष्टी सोडल्या तर त्याला तयारी काही लागत नाही. पण ती रात्र मी विसरणार नाही. पडद्यामागून चंद्र वर आला तसं पुढच्या रांगेतलं एक मूल सिनेमा सोडून चंद्राकडेच बघत बसलं. परतताना मी म्हटलं, आपल्या वसाहतीच्या मागचं मैदान केवढं आहे, तिथे एकदा दाखवता येईल. सगळे एकदम हो म्हणाले, आणि कागदपत्रं माझ्याकडे आली. नऊ वर्षं विम्याचे आणि हॉस्पिटलचे कागद केलेल्या बाईला हे काम जमेल असं मला वाटलं. जमलं, पण सव्वादोन महिने लागले.

घरी बघायला घेतलेला सिनेमा चारचौघांत दाखवता येत नाही, तिकीट नसलं तरीसुद्धा. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांच्याकडून जाहीर प्रदर्शनाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. वितरक शोधायलाच बारा दिवस गेले. अर्जात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक, तिकीट आहे की नाही, पडद्याची रुंदी, कुठल्या प्रकारची प्रत, सगळं विचारलं होतं. प्रेक्षकांचा आकडा आम्ही आधी २०० लिहिला, मग मैदानात खरोखर किती बसतील ते मोजून १२० केला आणि शुल्क बरंच खाली आलं. आधी मोजा, मग लिहा. परवाना २३ दिवसांनी आला. त्यात अट होती की सिनेमाचं नाव बाहेर कुठे जाहीर करायचं नाही, म्हणून फलकावर आम्ही फक्त 'शनिवारी मैदानात सिनेमा' लिहिलं. वाऱ्यापावसामुळे रद्द झाला तर याच शुल्कात दुसरी एक तारीख मिळेल असं मी पत्रात लिहून घेतलं होतं. त्याचा पुढे उपयोग झाला.

मैदानाच्या मालकाचं ना हरकत पत्र, आवाजाची परवानगी, आग लागलीच तर गाडी आत येईल एवढी वाट मोकळी ठेवल्याचा नकाशा, हे तीन कागद वेगवेगळ्या खिडक्यांवर. एका कार्यालयात तीन वेळा परत पाठवलं, दर वेळी नवी त्रुटी. चौथ्या वेळी मी विचारलं, सगळ्या त्रुटी एकाच कागदावर लिहून द्याल का? दिल्या, आणि पाचव्या वेळी काम झालं. आवाज पावणेदहाला बंद, असं परवानगीत होतं. त्यावरून उलटं मोजलं. सूर्यास्त सहाच्या सुमाराला, पडद्यावर नीट दिसायला त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास, ११२ मिनिटांचा सिनेमा, दहा मिनिटांची सुट्टी. नऊच्या आत सगळं आटोपत होतं. हाच सिनेमा लांब दिवसांच्या ऋतूत दाखवायचा म्हटलं असतं तर बसलाच नसता.

पडदा चार मीटर रुंद, म्हणजे सव्वादोन मीटर उंच. खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर वर घेतली, नाहीतर पुढच्या डोक्यांआड सबटायटल जातात. पाच हजार ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) प्रोजेक्टर भाड्याने घेतला, आमच्या खर्चात परवान्याखालोखाल तोच मोठा. मैदानाच्या कडेचा एकच पथदिवा पडद्यावर यायचा, तेवढ्यासाठी वेगळा अर्ज करून तो तीन तास बंद ठेवून घेतला. खरी धास्ती वाऱ्याची होती. एवढा पडदा म्हणजे जहाजाचं शीडच, चारही बाजूंनी दोर आणि वाळूची पोती लागतात. ठरलेल्या शनिवारी दुपारी तो एका झोतात मागे झुकला. आम्ही चारला सिनेमा रद्द केला. दोघातिघांनी नाराजी बोलून दाखवली, पण मला एका क्षणासाठीही पस्तावा झाला नाही.

त्या आठवड्यात मी रिचर्ड हॉलिंग्सहेडबद्दल वाचलं. ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ त्याने गाडीत बसून सिनेमा बघायचं पहिलं थिएटर सुरू केलं. त्याआधी तो घरासमोर, झाडांना चादर बांधून आणि प्रोजेक्टर गाडीच्या बॉनेटवर ठेवून प्रयोग करायचा. आईला थिएटरच्या खुर्चीत बसणं जड जायचं, त्यातून त्याला हे सुचलं, असं सांगतात. खरं असो नसो, मी मैदानाचा नकाशा पुन्हा काढला. फाटकापासून मधल्या भागापर्यंत एक मीटर रुंदीची सपाट पट्टी, आणि तिच्या टोकाला चाकाच्या खुर्च्यांसाठी फळ्या टाकलेली जागा. आईची खुर्ची कुठे अडायची ते मला पाठ होतं. सगळ्यात मागे ही जागा ठेवू नका, तिथून ऐकायला नीट येत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर मागे ओठ हलल्यावर दशांश सेकंदाने शब्द पोचतो, आणि तेवढंही खटकतं.

दुसऱ्या शनिवारी वारा पडला होता. १०४ माणसं आली. फळ्यांच्या जागेवर एकच खुर्ची आली, तिच्यात एक आजी, शेजारी सतरंजीवर त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. मी प्रोजेक्टरजवळ उभी होते. आठ वाजता त्या मुलीने घड्याळ पाहिलं, पर्स उघडली आणि पडद्याच्या उजेडात पाकीट तिरकं धरून गोळी काढली. आजींनी डोळे पडद्यावरून न हलवता तोंड उघडलं.

सिनेमा संपल्यावर पडद्याचे दोर सोडताना ती माझ्याकडे आली. रस्ता बरा केला होता, म्हणाली. मग बाजूला नाचून दाखवणाऱ्या आमच्या दोघा पोरांकडे बघत विचारलं, हे तुम्ही सगळे कुठे शिकता? मी सांगितलं, मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेआठ.

"सातला नाही जमायचं," ती म्हणाली.

"शनिवारी सकाळीही असतो," मी म्हटलं. "दहा वाजता. एक तास नुसतं बघायला आलात तरी चालतं."

तिने फोन काढून लिहून घेतलं.